आयोवा सिनेटचा १८ नंबरचा मतदारसंघ: मेरी लुंडबी, स्वाती दांडेकर, लिझ मॅथिस आणि एका जागेवर अडकलेलं बहुमत

मक्याचंशेत
नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. प्रेसिडेंटची निवडणूक आली की आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्र रात्र चर्चा चालते, पण तुमचा स्टेट सिनेटर कोण असं विचारलं की सगळे गप्प. आणि शाळांना पैसे किती, विजेचे दर कोण ठरवणार, पुरानंतर मदत कशी वाटायची, मतदारसंघांच्या सीमा कुठून कुठे, हे सगळं तर तिथेच ठरतं. म्हणून एकच मतदारसंघ घेऊन लिहितोय, ज्याच्या आजूबाजूला मी राहतो आणि ज्याचा आपल्याशी थेट संबंध आहे.

आयोवा राज्याच्या पूर्व भागात लिन काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) आहे, मुख्य शहर सीडर रॅपिड्स. २००१ च्या फेररचनेत जो १८ नंबरचा सिनेट मतदारसंघ झाला तो साधारण या शहराच्या भोवतीचा पट्टा होता, मॅरियन, हायवाथा, रॉबिन्स अशी छोटी शहरं आणि मधे मधे शेती. नकाशा बघितला तर मेदूवडा, मधलं भोक म्हणजे सीडर रॅपिड्स. शहर डेमोक्रॅट, शेती रिपब्लिकन, आणि हा पट्टा दोन्हीच्या मधला, नव्या वसाहती, चांगल्या शाळा, रॉकवेल कॉलिन्समधे काम करणारे इंजिनियर (त्यात आपले देशी पण भरपूर), त्यामुळे कधी इकडे कधी तिकडे.

इथे आधी होत्या मेरी लुंडबी. रिपब्लिकन, मॅरियनच्या. १९८६ ला राज्याच्या हाऊसमधे (कायदेमंडळाचं खालचं सभागृह) निवडून आल्या, १९९४ ला सिनेटमधे (वरचं सभागृह). पक्षाच्या कट्टर गटातल्या नव्हत्या, पटलं नाही तर आपल्याच लोकांना सुनावणाऱ्या. २००४ च्या निवडणुकीत आयोवा सिनेटमधे २५-२५ अशी बरोबरी झाली होती, म्हणजे दोन अध्यक्ष, दोन बहुमत नेते, सगळं निम्मं निम्मं. त्या काळात २००६ मधे रिपब्लिकनांनी लुंडबींना नेता केलं आणि आयोवा सिनेटमधे बहुमत नेता झालेल्या त्या पहिल्या महिला ठरल्या. पुढे कॅन्सर झाला, २००८ ला त्या परत उभ्या राहिल्या नाहीत, जानेवारी २००९ मधे गेल्या.

त्यांच्या जागी २००८ ला निवडून आल्या स्वाती दांडेकर, डेमोक्रॅट. जन्म नागपूरचा, बी.एस्सी. नागपूर विद्यापीठाची, आहारशास्त्राचा डिप्लोमा मुंबईचा. त्याआधी सहा वर्षं हाऊसमधे होत्या. अमेरिकेत राज्याच्या कायदेमंडळावर निवडून आलेल्या सुरुवातीच्या भारतीय वंशाच्या महिलांपैकी एक. आणि २०११ मधे त्यांनी मधेच राजीनामा दिला तेव्हा या एका जागेवर अख्ख्या राज्याचं राजकारण येऊन थांबलं होतं. ते पुढे सविस्तर लिहितो, आधी कोणाला काय माहिती आहे ते येऊ दे.

शिरीष_ठाणे
मस्त विषय. एक बेसिक शंका. स्टेट सिनेट म्हणजे आपल्या विधान परिषदेसारखंच ना? म्हणजे आमदारांनी, नगरसेवकांनी, पदवीधरांनी निवडलेले वगैरे? मग त्यात मतदारसंघाचा इतिहास असा काय असणार?

रानजाई
@शिरीष, नाही, तिथेच फरक आहे. स्टेट सिनेटर थेट लोक निवडतात. आयोवात ५० सिनेटर आणि १०० हाऊसचे सदस्य. सिनेटरची मुदत चार वर्षं, हाऊसची दोन. आणि आयोवाची रचना अशी की प्रत्येक सिनेट मतदारसंघात बरोब्बर दोन हाऊस मतदारसंघ बसवतात. म्हणजे सिनेटच्या १८ मधे हाऊसचे ३५ आणि ३६. दुप्पट करा आणि एक वजा करा, झालं.

मी डिमॉइनला, म्हणजे राज्याच्या राजधानीत राहते आणि अधिवेशन चालू असताना कॅपिटॉलमधे (इथलं विधानभवन) दोनदा गेलेय एका शाळेच्या विषयावर, तर तिथे काय करायचं माहितीये का, सिनेटच्या दारावर माणूस बसलेला असतो, त्याच्याकडे एक छोटी चिठ्ठी भरून द्यायची, आपलं नाव, गाव, कुठल्या विधेयकाबद्दल बोलायचंय, ती चिठ्ठी आत जाते आणि सिनेटर बाहेर येतात, त्या पितळी कठड्यापाशी उभं राहून बोलायचं, पाच मिनिटं, दहा मिनिटं. कोणी ओळखीचं लागत नाही, फोन करून वशिला लावावा लागत नाही. माझ्या चिठ्ठीवर मी आडनाव लिहिलं ते वाचून त्या बाई म्हणाल्या उच्चार नीट सांगा, मला चुकीचं म्हणायचं नाहीये. तेवढ्यावरून मला कळलं की हे लोक किती जवळ आहेत आणि आपण किती लांब समजतो.

धरमपेठकर
आमच्या नागपूरचं नाव! स्वातीताईंबद्दल आमच्या घरी आईबाबा बोलायचे, पण त्यांनी तिथे नेमकं कसं सुरू केलं ते कधी वाचलं नाही. एकदम निवडणुकीला कशा उभ्या राहिल्या? तिकडच्या गोऱ्या लोकांनी मतं दिली म्हणजे काहीतरी ओळख असणारच ना?

मक्याचंशेत
@धरमपेठकर, बरोबर पकडलंत, आणि माझ्या मते हीच या सगळ्यातली मुख्य गोष्ट आहे.

त्या एकदम उभ्या राहिल्या नाहीत. मॅरियनच्या लिन-मार शाळा मंडळावर त्या १९९६ ला निवडून आल्या आणि २००२ पर्यंत होत्या. इथे शाळा मंडळाची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर नसते. कुणाला बघायचं असेल तर जा एखाद्या मीटिंगला, संध्याकाळी असते, कोणीही जाऊन बसू शकतं. बसच्या मार्गावरून भांडणं, नवीन इमारतीसाठी कर्ज काढायचं की नाही, जिमचं छप्पर गळतंय, एका वर्गात किती मुलं. हे वर्षानुवर्षं ऐकून घ्यायचं, पगार मिळत नाही, प्रसिद्धी तर नाहीच. पण गावातला प्रत्येक पालक तुम्हाला नावाने ओळखायला लागतो. २००२ मधे त्या हाऊसच्या ३६ नंबरला उभ्या राहिल्या तेव्हा लोकांना त्या भारतातून आलेली कुणी बाई म्हणून नाही, आपल्या शाळेच्या बोर्डावरच्या स्वाती म्हणून माहिती होत्या.

आणि म्हणूनच त्या वेळचं ते ईमेल प्रकरण उलटलं. त्यांच्या रिपब्लिकन प्रतिस्पर्धी बाईंनी एका ईमेलमधे लिहिलं होतं की जी बाई आयोवात लहानाची मोठी झाली नाही, भारतात जातिव्यवस्थेत वाढली, ती इथल्या मिडवेस्टच्या मूल्यांचं प्रतिनिधित्व कसं करणार. ते ईमेल बाहेर आलं, पेपरात छापून आलं. मॅरियन म्हणजे त्या वेळी जवळजवळ सगळी गोरी वस्ती, भारतीय मतांवर तिथे कुणी निवडून येऊच शकत नाही, एवढी मतंच नव्हती. तरी दांडेकर चांगल्या फरकाने जिंकल्या. ज्यांच्या मुलांच्या शाळेसाठी ही बाई सहा वर्षं मीटिंगांना बसली त्यांनी ठरवलं कोण इथलं आणि कोण नाही ते.

जुनाभिडू
धागा चांगला चाललाय म्हणून थोडं मागे जातो, कारण २००२ ला एका नागपूरच्या मुलीने आयोवाच्या सभागृहात बसणं म्हणजे काय हे मागचं बघितल्याशिवाय कळत नाही.

आयोवाची आत्ताची घटना १८५७ ची. त्यात कायदेमंडळाचा सदस्य कोण होऊ शकतो याची अट स्पष्ट लिहिली होती, तो स्वतंत्र, गोरा, पुरुष नागरिक असला पाहिजे. यातले "स्वतंत्र गोरा" हे शब्द निघाले १८८० च्या घटनादुरुस्तीने. "पुरुष" हा शब्द निघायला १९२६ उजाडलं. गंमत बघा, देशभर बायकांना मताचा अधिकार १९२० लाच मिळाला होता, म्हणजे सहा वर्षं अशी होती की आयोवातली बाई मत देऊ शकत होती पण ज्या सभागृहासाठी मत देतेय तिथे बसू शकत नव्हती. दुरुस्तीनंतर १९२८ ला कॅरोलिन कॅम्पबेल पेंड्रे हाऊसमधे निवडून आल्या, १९३२ ला सिनेटमधे, राज्यातल्या पहिल्या.

आता मतदारसंघांचं. १९०४ पासून हाऊसमधे प्रत्येक काउंटीला किमान एक जागा, ९९ काउंट्या, वर मोठ्या काउंट्यांना मिळून नऊ जादा. आणि १९२८ ला अजून एक दुरुस्ती झाली की कुठल्याही काउंटीला एकापेक्षा जास्त सिनेटर मिळणार नाही. ही लिन काउंटीसारख्या ठिकाणांवर सरळ सरळ अन्याय करणारी गोष्ट होती. १९६० च्या जनगणनेत लिन काउंटीत सव्वा लाखाच्या वर माणसं, तरी सिनेटर एकच. शेतीवाल्या काही हजारांच्या काउंट्या एकत्र करून त्यांनाही एक. म्हणजे शहरातल्या माणसाचं मत खेड्यातल्या माणसाच्या मतापेक्षा कितीतरी हलकं. कामगार संघटना, शहरं, सगळे चिडलेले. १९६३ च्या डिसेंबरमधे एक तडजोडीची योजना लोकांपुढे मतदानाला आली, हाऊस काउंटीप्रमाणे ठेवा आणि सिनेट लोकसंख्येच्या जवळ आणा अशी. लोकांनी ती पाडली. मग १९६४ ला सुप्रीम कोर्टाचा रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स हा निकाल आला, राज्याची दोन्ही सभागृहं लोकसंख्येवरच पाहिजेत, आमदार माणसांचे असतात, झाडांचे किंवा एकरांचे नाही, असा त्या निकालाचा सूर. १९६८ ला आयोवाने घटना बदलली, जास्तीत जास्त ५० सिनेटर आणि १०० हाऊस. त्यानंतर कायदेमंडळाने जो नकाशा केला तो आयोवाच्या सुप्रीम कोर्टाने फेकून दिला आणि १९७२ ला कोर्टाने स्वतः नकाशा काढला.

म्हणजे १८ नंबरसारखा उपनगरी मतदारसंघ, एकाच काउंटीच्या आत पूर्ण मावणारा, हा प्रकारच मुळात साठ वर्षांच्या आतबाहेरचा. त्याआधी मॅरियनला स्वतःचा सिनेटर असू शकतो ही कल्पनाच नव्हती.

मुक्ता_७
जुनाभिडू, फार छान प्रतिसाद, खास करून ती १९२० ते १९२६ ची गोष्ट. माहितीच नव्हती.

पण मला धाग्यातल्या एका गोष्टीबद्दल बोलायचंय. मराठी आडनाव आहे म्हणून आनंद होणं ठीक आहे, मलाही झाला. पण लोकांनी २००८ मधे चार वर्षांसाठी निवडून दिलं आणि त्या २०११ मधे राज्यपालांनी दिलेलं पद घेऊन निघून गेल्या, तेही दुसऱ्या पक्षाच्या राज्यपालाने दिलेलं. हे मतदारांशी बरोबर झालं का? प्रतिनिधित्वाचा इतिहास लिहायचा तर हेही लिहायला पाहिजे.

मक्याचंशेत
@मुक्ता, लिहायलाच पाहिजे आणि तिथेच येत होतो.

आधी आकडे बघा म्हणजे प्रकरण किती नाजूक होतं कळेल. २०१० च्या आधी आयोवा सिनेटमधे डेमोक्रॅट ३२ होते. २०१० च्या रिपब्लिकन लाटेत ते २६ वर आले, रिपब्लिकन २४. दांडेकरांची जागा त्या वर्षी निवडणुकीला नव्हती. राज्यपाल झाले टेरी ब्रॅनस्टॅड, रिपब्लिकन, हाऊसही रिपब्लिकनांचं, आणि हाऊसचे स्पीकर झाले क्रेग पॉल्सन, हायवाथाचे, म्हणजे हाऊसचा ३५ नंबर, म्हणजे याच सिनेट मतदारसंघाचा अर्धा भाग! ३६ नंबरला दांडेकरांनंतर निक वॅगनर आले, तेही रिपब्लिकन. खालचे दोन्ही मतदारसंघ रिपब्लिकन आणि वरची सिनेटची जागा डेमोक्रॅट, असा तो पट्टा.

सप्टेंबर २०११ मधे ब्रॅनस्टॅडनी दांडेकरांना आयोवा युटिलिटीज बोर्डावर नेमलं. हे तीन जणांचं मंडळ वीज, गॅसचे दर बघतं आणि कायद्यानेच तिघांतले दोनपेक्षा जास्त एका पक्षाचे चालत नाहीत, त्यामुळे रिपब्लिकन राज्यपालाने डेमोक्रॅटला नेमणं यात बेकायदा किंवा विचित्र काही नाही. सिनेटरचा पगार वर्षाला २५ हजार डॉलर, बोर्डाचा त्याच्या कितीतरी पट. पण त्यांनी राजीनामा दिल्याबरोबर सिनेट २५-२४ झाली आणि पोटनिवडणूक रिपब्लिकनांनी जिंकली तर २५-२५. आणि १९९१ पासून आयोवात लेफ्टनंट गव्हर्नर (उपराज्यपाल) सिनेटचे अध्यक्ष राहिलेले नाहीत, म्हणजे बरोबरी फोडणारं मत कोणाकडेच नाही. तेव्हा उघडपणे बोललं जात होतं की बहुमत मोडायलाच ही नेमणूक केली.

माझं मत विचाराल तर: नेमणूक स्वीकारण्याचा त्यांना हक्क होता, ऊर्जा हा विषय महत्त्वाचा आहे आणि त्या जागेवर त्या लायक होत्या. पण निवडून दिलेल्या लोकांना अजून सव्वा वर्ष त्या देणं लागत होत्या, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असू शकतात.

रानजाई
मी यात मुक्ताच्या बाजूने. शाळा मंडळापासून लोकांनी विश्वास टाकला, तर मुदत पूर्ण करून मग जायचं. पण हेही खरं की २५ हजारांत तुम्ही जानेवारी ते मे डिमॉइनला राहायचं आणि बाकी वर्षभर लोकांचे फोन घ्यायचे, हे ज्याच्या घरी दुसरा पगार आहे किंवा जो रिटायर आहे त्यालाच जमतं. आपल्यातले तरुण लोक उभे का राहत नाहीत याचं एक कारण हेच. व्हिसा आणि मुलं आणि घराचे हप्ते सांभाळून कोण करणार?

धरमपेठकर
मग पोटनिवडणुकीत काय झालं?? तिथेच थांबलात.

मक्याचंशेत
सांगतो. ८ नोव्हेंबर २०११. पोटनिवडणुकीत इथे प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवायची निवडणूक) नसते, दोन्ही पक्ष आपापल्या मतदारसंघाचं अधिवेशन घेऊन उमेदवार ठरवतात. डेमोक्रॅटांनी लिझ मॅथिस यांना आणलं, इथल्या टीव्हीवर वर्षानुवर्षं बातम्या वाचणाऱ्या, त्यामुळे प्रत्येक घरात चेहरा माहितीचा. रिपब्लिकनांनी सिंडी गोल्डिंग, व्यावसायिक.

आता हे लक्षात घ्या की एप्रिल २००९ मधे आयोवाच्या सुप्रीम कोर्टाने वार्नम विरुद्ध ब्रायन निकालात समलिंगी विवाहाला मान्यता दिली होती, एकमताने. त्याचा राग म्हणून २०१० ला मतदारांनी त्या कोर्टाचे तीन न्यायाधीश घरी पाठवले. २०११ मधे रिपब्लिकन हाऊसने असे विवाह बंद करण्यासाठी घटनादुरुस्तीचा ठराव मंजूर केला, पण सिनेटमधे बहुमत नेते माइक ग्रॉनस्टाल ते मतदानालाच येऊ देत नव्हते. बहुमत होतं म्हणून ते अडवू शकत होते. २५-२५ झालं असतं तर तो अधिकार एकट्याचा राहिला नसता. म्हणजे मॅरियन आणि हायवाथातले लोक एका सिनेटरला मत देत होते, पण त्यावर राज्यातल्या हजारो जोडप्यांचं भवितव्य टांगलेलं होतं. राज्याबाहेरून पैसा आला, संघटना आल्या, आमच्या घरचा फोन संध्याकाळी सारखा वाजायचा, दर जाहिरातीत दोघींपैकी एक. दारावर येणारी मुलं तर अशी की एक जातो तोवर दुसरा. पण गंमत म्हणजे दोन्ही उमेदवार स्वतः लग्नाच्या विषयावर फारसं बोलायच्या नाहीत, नोकऱ्या, शाळा, छोटे उद्योग, हेच.

मॅथिस ५५ टक्क्यांच्या वर मतं घेऊन जिंकल्या. सिनेट परत २६-२४. ठराव अडलेलाच राहिला. २०१५ ला देशाच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तोपर्यंत आयोवातली लग्नं चालूच राहिली, आणि त्यात या मेदूवड्याच्या आकाराच्या पट्ट्यातल्या लोकांचा वाटा आहे हे मला फार मोठं वाटतं.

खाडीपलीकडे
न्यू जर्सीहून लिहितोय. आमच्याकडे रचना वेगळी, ४० मतदारसंघ, प्रत्येकात एक सिनेटर आणि त्याच सीमेत दोन असेंब्ली सदस्य. नकाशा दोन्ही पक्षांनी नेमलेलं कमिशन काढतं. ओढाताण खूप.

आणि अवांतर पण संबंधित: राज्याच्या कायदेमंडळावर निवडून आलेले पहिले भारतीय वंशाचे म्हणून मेरीलँडच्या कुमार बर्वेंचं नाव घेतात, १९९० ला निवडून आले. आडनावावरून कळलंच असेल. पुढे मिशिगनच्या हाऊसमधे श्री ठाणेदार, बेळगावकडचे, आणि २०२२ ला थेट काँग्रेसमधे (अमेरिकेची संसद). आपली माणसं आहेत, पण त्यांचे मतदारसंघ बघा, कुठेही मराठी वस्तीच्या जोरावर कोणी आलेलं नाही.

शिरीष_ठाणे
आयोवात नकाशा कोण काढतं मग? आपल्याकडे परिसीमन आयोग असतो. २००८ च्या फेररचनेत आमच्या मामांचा दादर मतदारसंघच गेला, त्यांचा भाग माहीममधे आला, मामा अजून दादरचा आमदार म्हणतात.

जुनाभिडू
@शिरीष, आयोवाची पद्धत अख्ख्या अमेरिकेत नावाजलेली आहे. १९८० च्या कायद्याने हे काम कायदेमंडळाच्या निःपक्ष कर्मचारी कार्यालयाकडे दिलं. त्यांना नकाशा काढताना आमदारांचे पत्ते बघायला मनाई, मतदारांची पक्षनोंदणी बघायला मनाई, मागच्या निवडणुकांचे निकाल बघायला मनाई. फक्त लोकसंख्या, काउंटी आणि शहरांच्या सीमा, सलगता, आकार. नकाशा आला की कायदेमंडळाने हो किंवा नाही म्हणायचं, हात लावायचा नाही. नाही म्हटलं तर दुसरा नकाशा. तोही नाकारला तर तिसरा, आणि फक्त तिसऱ्यात बदल करता येतात. १९८१ ला गाडी तिसऱ्यापर्यंत गेली होती, २००१ ला दुसरा मंजूर झाला, २०११ ला पहिलाच, २०२१ ला परत दुसरा.

आमदारांचे पत्ते बघत नाहीत म्हणजे काय होतं, तर दर दहा वर्षांनी दोन दोन आमदार एकाच मतदारसंघात येऊन पडतात. मग एकाने घर बदलायचं, किंवा भिडायचं, किंवा रिटायर व्हायचं. मतदारांसाठी हे चांगलं, जागा कोणाच्या बापाची राहत नाही.

रानजाई
आणि १८ नंबरचं नेमकं हेच झालं! २०११ च्या नकाशात १८ हा नंबर लिन काउंटीतून उठून आमच्याकडे डिमॉइनला आला. २०१३ पासून इथे १८ च्या सिनेटर जॅनेट पीटरसन, आणि त्या पुढे सिनेटमधे डेमोक्रॅटांच्या पहिल्या महिला नेत्या झाल्या. तिकडे लुंडबी रिपब्लिकनांच्या पहिल्या, इकडे पीटरसन डेमोक्रॅटांच्या पहिल्या, दोघी १८ च्या, पण एकाही मतदाराने दोघींना मत दिलेलं नसणार, मधे दोनेक तासांचा रस्ता. म्हणून कोणी नुसतं "१८ चा इतिहास" वाचायला गेलं तर गोंधळ होतो, यादीत नावं एकाखाली एक दिसतात आणि गावं मात्र वेगळी.

मुक्ता_७
मग लिन काउंटीच्या त्या लोकांचं काय झालं? त्यांना कुठला नंबर मिळाला?

मक्याचंशेत
@मुक्ता, बहुतेक भाग ३४ मधे गेला, थोडं सीडर रॅपिड्सही त्यात आलं. मॅथिस २०१२ ला ३४ मधून निवडून आल्या आणि जानेवारी २०२३ पर्यंत तिथल्या सिनेटर होत्या. आणि इथून पुढची गोष्ट मला सगळ्यात आवडते.

२०१२ मधे ३४ च्या आतल्या हाऊसच्या ६८ नंबरमधे निक वॅगनर यांना हरवून कोण आलं, तर डॅनियल लुंडबी, मेरी लुंडबींचा मुलगा, आणि तो डेमोक्रॅट म्हणून! आई रिपब्लिकनांची नेता, मुलगा समोरच्या बाकावर, त्याच मॅरियनमधून. २०१४ ला तो हरला. वॅगनरही पुढे त्याच युटिलिटीज बोर्डावर गेले. शेजारच्या ६७ मधे पॉल्सन यांच्यानंतर अॅशली हिन्सन आल्या, त्याही टीव्हीवरच्या पत्रकार. आणि २०२२ ला काँग्रेसच्या जागेसाठी समोरासमोर कोण, तर हिन्सन आणि मॅथिस. एकाच सिनेट मतदारसंघातल्या दोघी, दोघी बातम्या वाचणाऱ्या. हिन्सन जिंकल्या. त्याच वर्षी सिंडी गोल्डिंगही हाऊसमधे निवडून आल्या, अकरा वर्षांनी.

दांडेकर २०१३ मधे बोर्ड सोडून काँग्रेसच्या पहिल्या मतदारसंघासाठी उभ्या राहिल्या, २०१४ च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत पाच जणांत तिसऱ्या आल्या. २०११ ची नाराजी तिथे निघाली असं पक्षातले लोक म्हणायचे, आणि ते पटण्यासारखं आहे, कारण प्रायमरीत मत देणारे सगळे पक्षाचे कडवे लोक. नंतर ओबामांनी त्यांना आशियाई विकास बँकेवर अमेरिकेच्या कार्यकारी संचालक म्हणून पाठवलं, राजदूताच्या दर्जाने, मनिलाला.

धरमपेठकर
आजच आईला हे सगळं वाचून दाखवलं. ती ईमेलवाली गोष्ट ऐकून ती म्हणाली, आपल्याकडे सासरी गेल्यावर पण हेच ऐकावं लागतं, तू इथली नाहीस. आणि मग शाळा मंडळाचं ऐकून म्हणाली, असंच करावं लागतं, आधी काम, मग लोक आपणहून आपलं म्हणतात.

नवा_हायवाथाकर
पहिलाच प्रतिसाद देतोय, वाचनमात्र असतो. मी आणि बायको हायवाथाला राहतो, एच-१बी वर, ग्रीन कार्डची रांग तुम्हाला माहितीच आहे, म्हणजे मत द्यायला मिळेल तेव्हा मुलगी कॉलेजात असेल. आमच्यासाठी या सगळ्याचा काय उपयोग? आमचा तर कोणी प्रतिनिधीच नाही ना?

जुनाभिडू
@नवा_हायवाथाकर, आहे. मतदारसंघ एकूण लोकसंख्येवर होतात, मतदारांच्या संख्येवर नाही. २०२० ला आयोवाची लोकसंख्या ३१ लाख ९० हजारांच्या वर होती, भागिले ५०, म्हणजे एका सिनेटरमागे साधारण ६४ हजार माणसं. त्या ६४ हजारांत व्हिसावाले धरलेत, त्यांची पोरं धरलीत. तुमच्या घरातली तीनही डोकी मोजूनच तुमच्या सिनेटरला ती जागा मिळालीये. तेव्हा तो किंवा ती तुमचाही सिनेटर आहे. मत देता येत नाही, पैसे पण देऊ नका (ग्रीन कार्ड मिळेपर्यंत निवडणुकीला देणगी द्यायला कायद्याने बंदी आहे, हे नीट लक्षात ठेवा). पण पत्र लिहा, भेटा, विधेयकाबद्दल बोला, सगळं चालतं.

रानजाई
+१. आणि दारावरच्या त्या चिठ्ठीवर कोणी पासपोर्ट विचारत नाही.

मक्याचंशेत
@नवा_हायवाथाकर, अधिवेशन चालू असताना शनिवारी सकाळी इथल्या लायब्ररीत किंवा शाळेत आमदार येतात, दोन्ही पक्षांचे, लोक कागदावर प्रश्न लिहून देतात आणि ते समोर उत्तरं देतात. कॉफी असते, पंचवीस तीस माणसं, बहुतेक पिकल्या केसांची. आपल्यातलं कोणी दिसत नाही. या हिवाळ्यात मी शाळेतल्या बहुभाषिक मुलांच्या शिक्षकांच्या निधीबद्दल विचारणार आहे, प्रश्न अर्धा लिहून झालाय. मुलगी कुठल्या शाळेत आहे कळवा, उरलेला अर्धा आपण मिळून लिहू. मुलीलाही आणा, लहान मुलांनी विचारलं की ते जास्त नीट उत्तर देतात.

नवा_हायवाथाकर
विचारपूस करतो. मुलगी तिसरीत आहे, तिच्या वर्गात या वर्षी पाच भाषांची मुलं आहेत आणि शिक्षिका एकच, तेही दोन शाळांत वाटून. हेच विचारायचं का?

मक्याचंशेत
हेच. अगदी हेच, असंच्या असं लिहा.